रुळावरचे तीन ठोके

आमच्या गावाला रेल्वे होती, स्टेशन नव्हतं. हिंगोलीहून वाशिमकडे जाणारी छोटी लाइन आमच्या शेताला चिकटून जायची आणि गाडी थांबायची ती पुढे अडीच किलोमीटरवर. आमच्याकडे येणारा पाहुणा आधी गाडीच्या खिडकीतून आमचं घर बघायचा, माझ्या मायला हात करायचा, आणि मग पाऊण तासानं घामाघूम होऊन उलटा चालत यायचा. खिडकीतून हात दिसला की चहाचं आधण ठेवायचं, हा आमच्या घरचा रिवाज. एखाद्या अनोळखी माणसानं नुसती हौस म्हणून हात केला तर तो चहा वाया जायचा आणि माय दिवसभर त्या माणसाला शिव्या घालायची.

आमचं घर गावाबाहेर होतं, कारण मेंढ्यांचा वाडा गावात कोणी ठेवू देत नाही. दादांच्या चाळीस-पन्नास मेंढ्या, तीन एकर रान, एक विहीर, आणि विहिरीपासून दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर रूळ. दादा म्हणजे माझे वडील. त्यांना मेंढ्यांशी बोलायची सवय जास्त, माणसांशी कमी.

त्या रुळावरून रोज सकाळी अकराच्या सुमाराला चावीवाले आबा यायचे. आबा रेल्वेत कीमन होते. छोट्या लाइनीवर रूळ स्लीपरला धरून ठेवायला लोखंडी चाव्या ठोकलेल्या असत. गाडीच्या हादऱ्यानं त्या ढिल्या होतात. आबांनी आपल्या हद्दीतले पाच-सहा किलोमीटर रोज चालायचे, एकेक चावी बघायची, ढिली दिसेल तिला हातोडा घालून बसवायची आणि परत फिरायचं. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, काखेत गुंडाळलेल्या लाल-हिरव्या झेंड्या, कमरेला बोल्ट आवळायचा पाना, अंगात मे महिन्यातसुद्धा रेल्वेचा निळा कोट. मिशा पांढऱ्याफेक. माझी बारावी झाली तेव्हा रिटायर व्हायला कागदावर तीन वर्षं उरली होती. खरं वय किती, हे त्यांनाही माहीत नव्हतं. "साहेबानं दात बघून लिवलं, बैलाचं लिवतात तसं," असं सांगून ते स्वतःच आधी हसायचे.

आमच्या विहिरीवर त्यांचा मुक्काम दहा मिनिटांचा. पाणी प्यायचे, तंबाखू मळायचे, आणि सगळ्या चाव्यांच्या कागाळ्या सांगायचे. पुलाजवळची एक चावी फार आळशी होती म्हणे, कितीही ठोका, आठ दिवसांनी पुन्हा आपली कलंडलेली. "माझ्या जावयावर गेली," म्हणायचे. एकदा त्यांनी विहिरीच्या कठड्यापाशी तंबाखू थुंकली तेव्हा मी नववीत असेन. मी त्यांना असं काही झापलं की मायनं तोंडावर पदर घेतला. आबांनी मुकाट्यानं माती टाकून जागा साफ केली आणि त्या दिवसापासून मला मास्तरीण म्हणायला लागले. स्वभाव माझा तेव्हापासून असाच आहे, नोकरीनं तो नुसता कायम केला.

आता आबांचं खरं काम सांगते. ते निरोप्या होते. आमच्या गावात तेव्हा फोन नव्हता, पोस्टमन आठवड्यातून एकदा आला तर आला. पण हिंगोलीपासून आमच्यापर्यंत तीन कीमन होते, आणि रोज सकाळी एकाची हद्द संपते तिथं त्याला दुसरा भेटायचा. हिंगोलीत पहिल्याच्या कानावर घातलेला निरोप दुसऱ्याकडून आबांकडे आणि आबांकडून आमच्यापर्यंत सकाळी अकराला पोचलेला असायचा. म्हैस व्याली, पोरगं दहावीला पास झालं, जावई शनिवारी येतोय, बाळंतीण सुखरूप. लाइनीच्या कडेची पाच-सहा गावं आणि तांड्यावरची माणसं, सगळ्यांचं टपाल या तिघांच्या डोक्यात.

बाकीचे दोघं कसलाही निरोप नेत. आबा मात्र फक्त चांगला निरोप नेत. वाईट असेल तर हद्दीवर ऐकून घेत, आणि पुढे कोणाला सांगत नसत. कोणी विचारलं की म्हणत, "वाईट बातमीला तिचे पाय असत्यात. तिला माझे काहून देऊ?" आणि ते खरंच होतं. मयताची खबर घेऊन कोणी ना कोणी सायकलवर आलेलंच असायचं.

चांगल्या निरोपाची त्यांची रीत होती. गाव दिसायला लागलं की रुळावर हातोड्याचे तीन ठोके. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. चावीवर मारलेला हातोडा बद्द वाजतो, नुसत्या रुळावर मारलेला गावभर जातो. रानात खुरपणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघायच्या, आज कोणाचं नशीब उघडलं म्हणून. मग आबा त्या घरी जाऊन आधी गुळाचा खडा मागत. तो तोंडात गेल्याशिवाय एक अक्षर बोलत नसत. लोक चिडत, हात जोडत, आबा शांतपणे गूळ चघळत. पलीकडच्या वस्तीत एकाला तिसरी मुलगी झाली तेव्हा तो म्हणाला, "आबा, याच्यासाठी कशाला ठोकलं?" आबा तसेच रुळापर्यंत परत गेले, आणखी तीन ठोके घातले आणि येऊन म्हणाले, "आता दोन खडे दे."

बारावी झाल्यावर मी हिंगोलीच्या एका अध्यापक विद्यालयात डी.एड.साठी अर्ज भरला. त्याच महिन्यात गोरेगावचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, हे मी आजही सांगते. घरचं दुकान, निर्व्यसनी, माझ्याहून उंच. पण त्यांना घाई होती आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी दादा मेंढ्या कोंडून आले आणि दारात उभे राहूनच म्हणाले, "यादीत नाव आलं तर शीक. न्हाई आलं तर मी म्हणीन तिथं उभं राहायचं. पुन्हा रडायचं न्हाई." मी कबूल केलं. दादांचा शब्द पक्का असे. आता मला माझाही पाळावा लागणार होता, ही भीती वेगळी.

यादी लागेल त्या दिवशी बघायचं काम माझ्या मामाकडे होतं. मामा हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलायचा. चौथीपर्यंत शिकलेला, पण नाव वाचण्यापुरतं चोख. तो यादी बघून पहिल्या कीमनला सांगणार, आणि दुसऱ्या दिवशी आबा येणार.

त्या सकाळी मी दहापासूनच बांधावर जाऊन उभी राहिले. माय म्हणाली, "उभं राहून नाव येत आसतं तर मी पण राहिले असते." तरी तीही दर दोन मिनिटांनी बाहेर येत होती. अकराच्या सुमाराला वळणावर निळा कोट दिसला. मी ठोक्याची वाट बघत होते. आबा जवळ आले, आणखी जवळ आले. हातोडा खांद्यावरून खाली आलाच नाही. विहिरीवर थांबले नाहीत. पाणी नाही, तंबाखू नाही, मास्तरीण म्हणून हाक नाही. मान खाली घालून ते माझ्यासमोरून निघून गेले.

कोणी काही सांगायची गरजच नव्हती. आबांची गुपचिळी म्हणजे काय, हे आमच्या शेळ्यामेंढ्यांनाही कळत होतं.

मी रडले नाही, कबूल केलं होतं ना. भांडी मात्र इतक्या जोरात घासली की एका पातेल्याला पोचा आला. संध्याकाळी दादा माझ्याकडे न बघता मायला म्हणाले, "सकाळी गोरेगावला जातो. हो म्हणून येतो." मायनं त्यांचं धुतलेलं धोतर काढून ठेवलं. मला त्या धोतराचा फार राग आला.

सकाळी दादा निघाले. गोरेगावची जीप धरायला रूळ ओलांडून पलीकडच्या सडकेवर जावं लागे. ते रुळापाशी पोचले आणि हिंगोलीकडून सकाळची पॅसेंजर आली. दादा थांबले. गाडी गेल्याबरोबर ते पलीकडे दिसतील म्हणून मी दारातून बघत होते. गाडी गेली आणि दादा अलीकडेच होते. टोपी काढून हातात धरलेली. थोडा वेळ ते गाडीच्या मागं बघत राहिले आणि मग घराकडे चालायला लागले.

"काय राहिलं?" मायनं विचारलं.

"काही न्हाई. चहा ठेव."

"अन् जीप?"

"गाडीच्या दारात आबा व्हता. पान्यानं दाराची दांडी ठोकून राहिला व्हता."

माय म्हणाली, "त्यो रेल्वेचा माणूस. लोखंड दिसलं की ठोकतोच."

"न्हाई," दादा म्हणाले, "हसून राहिला व्हता. तीनदा ठोकलं."

एवढ्यावर दादा बाजेवर बसले. गोरेगावच्या लोकांना आज जबाब द्यायचा होता, जीप निघून गेलेली, आणि हा माणूस एका म्हाताऱ्याच्या हसण्यावर विसंबून चहा पीत होता. दादांवर माझं इतकं प्रेम कधी दाटून आलं नव्हतं, आणि त्यांना ते सांगायची आमच्या घरात सोय नव्हती.

पाऊण तासानं आबा स्टेशनावरून उलटे चालत आले. आमच्या कोणत्याही पाहुण्यासारखेच, घामाघूम. मी धावत सामोरी गेले. त्यांनी हात पुढे केला.

"गूळ."

"आबा, आधी सांगा!"

"गूळ, मास्तरीण."

मी डबाच आणून त्यांच्या पुढ्यात आपटला. त्यांनी निवडून निवडून मोठा खडा घेतला, तोंडात टाकला, पाणी मागितलं, ते प्यायले आणि मग म्हणाले, "लागलं नाव. परवापस्तोर जाऊन कागदं द्या." मायनं मला धरलं की मी मायला, ते आठवत नाही. दादा उठून मेंढ्यांच्या वाड्याकडे निघून गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले.

मग मायनं आबांना फैलावर घेतलं. काल काहून गप गेलात, लेकराच्या पोटात अन्न न्हाई, काय माणूस हाय का कोण! आबा हसत हसत कानाला हात लावत होते. "वैनी, मागून साहेबाची रूळ तपासायची ट्रॉली येऊन राहिली व्हती. साहेबासमोर रूळ बडवला आसता तर नोकरी गेली आसती. मंग साहेब मला ट्रॉलीत घालून हिंगोलीलाच घेऊन गेला. मी काय करू?" त्यांनी साहेबाच्या चालीची नक्कल करून दाखवली, पोट पुढं काढून. माय हसली तिथंच भांडण संपलं.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी हिंगोलीला गेलो. मामाला म्हटलं, "मामा, तुझा निरोप मिळाला." तो पोतं उचलता उचलता म्हणाला, "हां हां, झालं ना काम, बरं झालं." माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, घाईत असेल.

डी.एड. झालं. नोकरी लागली ती औंढ्याच्या बाजूला एका तांड्यावरच्या शाळेत, आणि ती बातमीही तीन ठोक्यांनीच आली. तेव्हा आबांच्या नोकरीचे शेवटचे काही महिने उरले होते. पुढे लग्नही झालं, माझ्या पसंतीनं आणि दादांच्याही. गोरेगावच्या त्या मुलाला माझ्याहून देखणी बायको मिळाली. एकदा आठवडी बाजारात ती दोघं भेटली, मी तिच्याकडून वांग्याची भाजी करायची रीत लिहून घेतली.

मधे दहा-बारा वर्षं गेली. हातोहाती मोबाइल आले. छोटी लाइन उखडून मोठी टाकायचं काम सुरू झालं. त्या काळात एकदा मी मामाकडे गेले होते. त्याच्या नातवंडांना मी आबांची गोष्ट सांगत बसले, तीन ठोके, गूळ, साहेबाची ट्रॉली, सगळं अभिनयासकट. पोरं हसत होती. मामा मात्र भिंतीकडे तोंड करून बसला होता. गोष्ट संपल्यावर म्हणाला, "पोरी, इतके साल बोललो न्हाई. मी तर नाव न्हाई म्हणूनच सांगितलं व्हतं."

त्यानं सांगितलं ते असं. कॉलेजच्या दर्शनी फळ्यावर एक यादी होती. मामानं ती वरून खाली दोनदा वाचली. माझं नाव नव्हतं. आमच्या प्रवर्गाची यादी वेगळी असते, आणि फळ्यावर जागा नसल्यानं ती मागच्या व्हरांड्यात लावली आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मोंढ्यात सगळे भाव एकाच फळ्यावर असतात. तीन दिवसांनी मी आणि दादा पेढे घेऊन आलो तेव्हा त्याला आपली चूक कळली, आणि लाजेनं त्याची वाचा बसली.

म्हणजे आबांकडे आलेला निरोप वाईटच होता. ट्रॉली नव्हतीच. मग ते हिंगोलीच्या गाडीत काय करत होते?

मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेले. ते हिंगोलीतच मुलाकडे राहत होते, स्टेशनापासून जवळ. अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि समोर चाललेल्या मोठ्या लाइनीच्या कामाला नावं ठेवत होते. "सिमेंटाचे स्लीपर अन् क्लिपा! क्लिप वाजती का कधी? मुकी लाइन हाय ही." मुलानं त्यांना मोबाइल घेऊन दिला होता. माझ्यासमोरच तो वाजला. आबांनी उचलला आणि पहिलं वाक्य टाकलं, "चांगलं सांगायचं आसंल तर बोला, न्हाईतर पोराच्या नंबरवर लावा."

मी म्हटलं, "आबा, मामानं सांगितलं. नाव न्हाई असा निरोप होता."

"व्हय का?"

"अन् ट्रॉली?"

"ट्रॉली आसंल की कुठल्या तरी लाइनीवर," आणि ते खदाखदा हसले. मी हसत नाही हे बघून थांबले.

"तू बांधावर उभी व्हतीस," ते म्हणाले. "बाकी कोणी आसं उभं राहत न्हाई. मी मान खाली घालून गेलो. घरी भाकर गेली न्हाई. म्हातारी म्हणली, काहून? म्हणलं, आज मी चोरावानी गेलो एका लेकरासमोरून. मंग पाचच्या गाडीनं हिंगोली गाठली. मला वाचता येत न्हाई. कॉलेजच्या वाचमनला धरलं. म्हणलं, जेवढे कागद चिकटवले तेवढे वाच. त्यो म्हणला, लई हायत. म्हणलं, मी पाच किलोमीटर चाव्या बघतो, लई हायत म्हणतो का? एकेक बघायची. समोरचे झाले, मंग मागच्या व्हरांड्यात गेलो. तिथं चौथं नाव तुझं. तीनदा वाचून घेतलं त्याच्याकडून, बापाच्या नावासकट. बिचाऱ्याला चहा पाजला."

मी वर्गात पोरांना रोज सांगते, उत्तर आलं नाही तर पुन्हा तपासा. हे मला माझ्या कॉलेजनं शिकवलं, असं मी इतकी वर्षं समजत होते. पण एक गोष्ट मला विचारल्याशिवाय राहवेना.

"आबा, अन् कुठंच नसतं तर?"

आबांनी मान समोरच्या रुळांकडे वळवली. हसले नाहीत. बांधावरच्या त्या सकाळनंतर मी त्यांना न हसता पहिल्यांदाच बघत होते.

"मंग सकाळच्या गाडीत बसलो नसतो," ते म्हणाले. "लाइनीनं चालत आलो आसतो. सावकाश, एकेक चावी बघत. अन् तुझ्या दारात येऊन तोंडानं सांगितलं आसतं. मान खाली घालून दुसऱ्यांदा गेलो नसतो."

जन्मभर वाईट निरोप न दिलेला माणूस मला हे सांगत होता. मला रडू आवरेना. पिशवीत गूळ आणला होता, तो काढून त्यांच्या हातावर ठेवला. आबांनी खडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघून पुन्हा हसायला लागले.

"रडतीस काहून, मास्तरीण?" ते म्हणाले. "व्हतं ना नाव."